पेटाऱ्यातली नऊवारी

बॅले म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ती पांढऱ्या झिरझिरीत झग्यातली, पायाच्या बोटांच्या टोकावर तोललेली गोरी मुलगी. तमाशा म्हटले की जरीची नऊवारी, कंबरपट्टा आणि पायांत जड चाळ बांधलेली आपल्याकडची बाई. एकीसाठी मखमली पडद्याचे नाट्यगृह, दुसरीसाठी पीक निघालेल्या रानात उभी केलेली कनात. या दोघींना एका ओळीत बसवले तर दोन्हीकडचे रसिक नाके मुरडतील. पण दोघींच्या कपड्यांचा इतिहास शेजारी शेजारी उलगडून पाहावा. निदान मला तरी त्यात दोन सख्ख्या बहिणींची गोष्ट दिसते.

बॅलेची सुरुवात झाली ती पुरुषांपासून. 1653 साली फ्रान्सचा चौदा वर्षांचा राजा चौदावा लुई सोनेरी पोशाखात सूर्य होऊन दरबारात नाचला. स्त्रियांची सोंगे मुलगेच घेत. पॅरिसच्या ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी प्रथम आल्या त्या 1681 मध्ये. आपल्याकडे पेशवाईपासून फडात नाचायचा तो ‘नाच्या पोऱ्या’. कोवळ्या पोराला लुगडे नेसवून, काजळकुंकू करून उभे करीत. पुढे पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई आली आणि लुगड्यात खरीखुरी बाई दिसू लागली. ही पवळा आमच्याच नगर जिल्ह्यातली, संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावसा गावची. नाच्या गेला, तरी त्याची खूण अजून पुसलेली नाही. गवळणीत डोक्यावर पदर ओढून येणारी मावशी आजही मिशा काढलेला बाप्याच असतो. तिला हसताना आपण दोनशे वर्षांच्या जुन्या रिवाजाला हसत असतो.

बाई रंगमंचावर आली, पण पाय कुठे होते? युरोपात घोळदार, जमिनीवर लोळणाऱ्या झग्याखाली ते झाकलेले होते. अठराव्या शतकात मारी कामार्गो नावाच्या नर्तकीने झगा घोट्याच्या वर घेतला, कारण तिची पावले झरझर चालत आणि ती लोकांना दिसावीत असे तिला वाटे. त्या चार बोटांच्या कापडावरून केवढा गहजब झाला! आमच्या बाईला मात्र कात्री लावावी लागली नाही. हा प्रश्न आपल्या शेतकरणीने कधीच सोडवून ठेवला होता. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याच्या निऱ्या काढायच्या, त्या पायांमधून मागे घेऊन कासोटा खोचायचा. अंग पूर्ण झाकलेले आणि दोन्ही पाय मोकळे. सोनईच्या शिवारात कांद्याची रोपे लावणाऱ्या, उसाच्या मोळ्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या बायांचे लुगडे पाहा. वाकायला, बसायला, बांध ओलांडायला त्याची कुठेच आडकाठी नाही. तमाशातल्या बाईने हेच लुगडे जरा चापून-चोपून नेसले, काठ रुंद केला, जर वाढवली. लावणीची गिरकी आणि बसून घेतलेली झेप या लुगड्यातच शक्य आहेत. जिला आपण शृंगाराचा पोशाख म्हणतो, तो मुळात कष्टाचा पोशाख आहे.

जर का वाढली, याचेही कारण आहे. तमाशा रात्रीचा. आधी मशाली आणि पलिते, मग गॅसबत्त्या. मागे झाडावर चढून बसलेल्या माणसालाही बाई दिसायची तर तिच्या अंगावर उजेड पकडणारे काहीतरी हवे. जरीचा काठ, कंबरपट्टा, नथ, बाजूबंद यांनी ते काम केले. तिकडे 1832 साली ‘ला सिल्फीद’ या बॅलेत मारी ताग्लिओनी पांढऱ्या तलम झग्यात अवतरली आणि गॅसच्या दिव्यांत ती तरंगते आहे असे लोकांना वाटले. पण त्या उजेडाने बळीही घेतला. एम्मा लिव्री ही विशीतली नर्तकी. पेट घेऊ नये म्हणून कापडावर प्रक्रिया करण्याची सोय निघाली होती. पण त्याने कापड ताठ होते, पिवळट दिसते, म्हणून तिने ते नाकारले. 1862 च्या नोव्हेंबरात तालमीच्या वेळी झगा गॅसच्या दिव्याला लागला आणि आठ महिने यातना भोगून ती गेली. पोशाख सुंदर दिसावा याची किंमत कोण मोजतो, हे विचारायचे तर तिचे नाव घ्यावे लागते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. बॅलेचा झगा आखडत आखडत कमरेभोवतीची चकती झाला. 1911 मध्ये अंगाला घट्ट बसणारा पोशाख घातला म्हणून निजिन्स्कीसारख्या नर्तकाला सेंट पीटर्सबर्गच्या शाही नाट्यगृहातून काढून टाकले. आपल्याकडे उलटे घडले. अंग झाकलेले असूनही बाईला अश्लील ठरवले गेले आणि स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदीच घातली. ती उठली ती संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. संहिता तपासली गेली; बघणाऱ्याची नजर तपासायची सोय कुठल्याच सरकारकडे नव्हती.

मग सिनेमा आला. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’त जयश्री गडकरांची नऊवारी काळ्यापांढऱ्या पडद्यावर झळकली, 1972 च्या ‘पिंजरा’त संध्याबाईंची रंगीत झाली. फडातल्या बायांचे पाहून सिनेमाने कपडे केले आणि सिनेमाचे पाहून फडांनी. पुढे तंबूत ‘रंगबाजी’ शिरली. हिंदी गाण्यांसाठी झगे, घागरे, टिकल्यांचे आखूड कपडे पेटाऱ्यात आले. आता तर शिवलेली नऊवारी मिळते. पायजम्यासारखी चढवली की दोन मिनिटांत बाई तयार. जुन्या मंडळींना तिचा राग येतो. मला येत नाही. गवळणीतून रंगबाजीत आणि रंगबाजीतून वगात जाताना कनातीमागे ज्यांना श्वास घ्यायला उसंत नसते, त्यांच्या सोयीला नावे ठेवणारे आपण कोण?

मला राग येतो तो निराळ्याच गोष्टीचा. ‘नटरंग’ 2010 साली आला, त्यानंतर शाळांच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवात, दूरचित्रवाणीच्या स्पर्धांत चांगल्या घरच्या मुली नऊवारी आणि नथ लेवून लावणी करू लागल्या. चांगलेच झाले. आईबाप पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. पण हा पोशाख जिच्या अंगावरून आला, तिला गावात भाड्याने खोली द्यायची वेळ आली की हेच हात आखडतात. कपडा आत घेतला, बाई बाहेरच राहिली. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. भरल्या दिवसांचे पोट नऊवारीत आवळून त्या नाचल्या, कनातीमागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या. राष्ट्रपतींनी त्यांचा गौरव केला. तरी 2002 साली त्या गेल्या तेव्हा ददात संपलेली नव्हती. या गोष्टीतले शौर्य आपण पाहतो, त्या रात्री तिला थांबायची मुभा का नव्हती हे विचारत नाही.

मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज पाहिले. त्यात ‘तारण’ असा एक रकाना असतो. जमीन, बैल, इंजिन, सोने यांना त्यात जागा आहे. फडाच्या पेटाऱ्यातल्या लुगड्यांना, चाळांना, फेट्यांना नाही. वापरलेल्या कपड्याचे मोल शून्य. म्हणून फडमालक सावकाराकडे जातो आणि कलावंत फडमालकाकडून ‘उचल’ घेतात. आमच्या सोनईच्या साखर कारखान्याच्या पट्ट्यात हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही; ऊसतोड मजूरही उचल घेऊनच कोयता उचलतो. दोघांचा हंगाम दसऱ्या-दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. दोघांचेही अंग आधीच गहाण पडलेले असते. 2020 आणि 2021 या दोन्ही वर्षी चैत्रातल्या यात्रा भरल्या नाहीत, तेव्हा उचल अंगावर राहिली आणि पेटारे बंदच राहिले. जरीला हवा लागली नाही की ती काळी पडते.

युरोपात जुन्या नर्तकींचे झगे संग्रहालयांत काचेआड जपून ठेवले आहेत. कोणत्या झग्यात कोण नाचली याची नोंद आहे. पवळाबाईचे लुगडे कुठे पाहायला मिळेल? आपल्याकडे ते कपडे झिजेपर्यंत वापरले गेले, मग त्यांच्या गोधड्या झाल्या आणि गोधड्यांत पोरे वाढली. तेही एका परीने जतनच म्हणायचे. पण पुढच्या खेपेला आपली नात नऊवारी नेसून लावणीला उभी राहील, तेव्हा कासोटा कसा खोचायचा हे तिला सांगताना, तो तिच्याआधी कोणी खोचला आणि काय सोसून खोचला, हेही सांगावे. टाळ्या त्यानंतर वाजवाव्यात.