'उंबरठा' : दुसऱ्यांदा पाहताना

डॉ. जब्बार पटेल यांचा 'उंबरठा' मी प्रथम पाहिला तो लातूरला, मावशीच्या घरी, दूरदर्शन संचावर. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. यंदा नांदेडला वसतिगृहात मैत्रिणीच्या मोबाईलवर तो पुन्हा पाहिला. चित्रपट तोच होता. माझे लक्ष मात्र दुसऱ्याच बायकांकडे गेले.

१९८२ साली प्रदर्शित झालेला हा चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची. उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. 'सुबह' या नावाने तो हिंदीतही निघाला.

सुलभा महाजन ही वकिलाची पत्नी, एका मुलीची आई. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली सुलभा घर सोडून संगमवाडीच्या महिला सुधारगृहाची अधीक्षक होते. तेथे तिला वरिष्ठांशी झगडावे लागते. घरी परतते तेव्हा पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. ते मुकाट्याने स्वीकारण्याऐवजी ती पुन्हा घराबाहेर पडते. स्मिता पाटीलने साकारलेली ती मानी सुलभा पाहून 'आपणही असेच व्हायचे' असे मी तेव्हा मनाशी ठरवले होते.

या वेळी मात्र सुधारगृहातल्या बायका नजरेसमोरून हलेनात. सुलभा उंबरठा ओलांडते ती स्वतःच्या इच्छेने. त्यांना तर उंबरठ्याबाहेर ढकललेले आहे. सुलभाजवळ शिक्षण आहे, म्हणून शेवटी तिला गाडीत बसता येते. त्यांनी कोणत्या गाडीत बसावे? कादंबरीचे नाव 'बेघर' का, हे मला आता उमगले. प्रथम मी 'उंबरठा' पाहिला होता, आता 'बेघर' पाहिला.

एक गोष्ट खटकलीही. सुधारगृहातील दोन स्त्रियांचे परस्परांवरील प्रेम हा मानसोपचाराचा विषय आहे, असेच तेथे मानले जाते. त्या काळी विषय पडद्यावर आणणे हेच धाडस होते, हे मान्य. परंतु २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. आज तो प्रसंग पाहताना वाटते, एवढी समंजस सुलभाही त्या दोघींपर्यंत पोचू शकली नाही.

आणि सुलभाची जाऊ! सुलभा नोकरीवर जाते तेव्हा तिची मुलगी राणी हिला तीच सांभाळते. पहिल्या वेळी ती माझ्या ध्यानातही राहिली नव्हती. आमच्या घरात कॉलेजला आलेली मी पहिलीच. गावी माझे कौतुक होते. पण मी नांदेडला आल्यापासून सकाळच्या भाकरी धाकट्या बहिणीच्या वाट्याला आल्या आहेत. त्या थापून मग ती शाळेला पळते. एकीने उंबरठा ओलांडला की आतले काम दुसरीच्या अंगावर पडते, ही साधी गोष्ट कळायला मला सहा वर्षे लागली.

सुलभा मला आजही प्रिय आहे. तिचे धैर्य खोटे नव्हे. परंतु सुट्टीत गावी जाईन तेव्हा बहिणीला चित्रपट दाखवण्याआधी चुलीपुढची तिची जागा मी घेणार आहे. मग तिला विचारीन, 'तुला पुढे काय शिकायचे आहे गं?' हा प्रश्न मी तिला आजवर विचारलेलाच नाही.