शिलादीप व जलपात्र, जपानी

जपानी उद्यानातील परस्परपूरक पाषाणवस्तू. शिलादीप (इशिदोरो) बौद्ध धर्माबरोबर चीन-कोरियामार्गे जपानमध्ये आला. प्रारंभी तो, आपल्याकडील दीपमाळेप्रमाणे, मंदिरापुढे दीपार्पणासाठी उभारीत. सोळाव्या शतकात चहापान-समारंभाच्या आचार्यांनी तो चहागृहाच्या वाटेवर आणला. तेथे अतिथी ठेंगण्या जलपात्रापाशी (त्सुकुबाई) उकिडवा बसून हात व मुख धुतो. रात्री पाणी दिसावे म्हणून शेजारी दीप असतो. पुण्याचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या (१७००) धर्तीवर रचलेले असून या उद्यानशैलीचा महाराष्ट्रातील परिचित नमुना आहे. बोन्सायभोवतीच्या लघुउद्यानात या वस्तूंच्या प्रतिकृती मांडताना प्रमाण सांभाळावे लागते. दीप मोठा झाल्यास पुरातन वृक्षाचा आभास मोडतो व तो केवळ कुंडीतले रोप वाटतो.