पदवी, पेढी आणि उमेदवारी

बारावीच्या परीक्षेचा निकाल लागला कीं व्यापारी पेठांतून दरसाल एकच वाद माजतो. मुलास कॉलेजांत घालावें कीं गादीवर बसवावें? आमच्या परिचयाच्या एका कापड-व्यापारी गृहस्थांनीं मध्यंतरीं हा प्रश्न आम्हांस विचारला, आणि उत्तराची वाट न पाहतां तें स्वतःच देऊनही टाकलें. "लक्ष्मणराव किर्लोस्कर कोठें बी. ए. झाले होते? ज्याला नोकरी मागावयाची त्यानें पदवी घ्यावी. ज्याला दुसऱ्यास नोकरी द्यावयाची आहे त्याला ती कशाला?" बोलणें खमंग होतें, व बैठकींतील मंडळींनीं माना डोलविल्या. आम्हांसही त्यांत सत्याचा अंश दिसला. परंतु अर्ध्या सत्यावर मुलांचीं आयुष्यें बेतलीं जातात, म्हणून हा विषय जरा खोलांत शिरून पाहणें आम्हांस अवश्य वाटतें.

पदवीला एवढें महत्त्व आलें कोठून? मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८६२ सालीं त्याचे पहिले बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांपैकींच. पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सरकारी कचेऱ्यांस इंग्रजी जाणणाऱ्या माणसांची तर मोठी निकड. तेव्हां पदवी ही दर्शनी हुंडीच होती, दाखविली कीं रक्कम हातांत. पुढें हुंड्या लिहिणारीं विद्यापीठें वाढलीं, पण ज्या पेढीवर त्या लिहावयाच्या तिची शिल्लक त्या मानानें वाढली नाहीं. हुंडी न पटतां परत आली म्हणजे काय होतें हें व्यापाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. सरकारच्या श्रमिक-पाहण्यांतून एकच गोष्ट पुनःपुन्हा निघते कीं, पदवीधरांतील बेकारीचें प्रमाण निरक्षरांतील बेकारीहून पुष्कळ अधिक आहे. मात्र हा आंकडा नाचविणारांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. निरक्षराला रिकामें बसणें परवडतच नाहीं. तो पडेल तें काम, पडेल त्या मजुरीस धरतो. आणि नोकरी लागलेल्या पदवीधराची मिळकत सामान्यतः अशिक्षिताहून अधिकच असते.

आतां किर्लोस्करांकडे वळूं. लक्ष्मणराव मुंबईस जे. जे. कलाशाळेंत चित्रकला शिकावयास गेले. रंग नीट ओळखतां येत नाहींत हा डोळ्यांचा दोष उघडकीस आला, आणि चित्रकलेचा मार्ग खुंटला. परंतु ते शिक्षण सोडून दुकानांत बसले असें झालें नाहीं. त्यांनीं यंत्रांचीं आरेखनें काढण्याची विद्या हस्तगत केली, व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें ती इतरांस शिकविली, यंत्रविद्येवरील परदेशी मासिकें वाचलीं. बेळगांवचें सायकलींचें दुकान आणि लोखंडी नांगर हें सर्व त्यानंतरचें. लोखंडानें जमीन विषारी होईल अशा समजुतीनें शेतकरी त्या नांगरास शिवेनात, तेव्हां त्यांची समजूत घालीत ते चिकाटीनें धंदा करीत राहिले. १९१० सालीं औंधच्या राजेसाहेबांच्या साह्यानें किर्लोस्करवाडी उभी राहिली. असा मनुष्य "न शिकलेला" कसा म्हणावा? त्यांच्यापाशीं कागद नव्हता, विद्या होती.

दुसरें नांव नेहमीं घेतलें जातें तें वालचंद हिराचंद यांचें. सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' बोट १९१९ सालीं मुंबईहून लंडनकडे निघाली, हा पराक्रम बी. ए. नसलेल्या गृहस्थाचा होय, हें खरें. परंतु वालचंदजींचें घराणें सोलापुरांतील व्यापारी व सावकारी पेशाचें होतें. पदवी नव्हती तरी पत होती, आणि बाजारांत पत असलेल्या मनुष्यास प्रमाणपत्र कोण विचारतो? आमचे कापड-व्यापारी मित्र हीच गोष्ट विसरले. त्यांच्या चिरंजिवास वडिलांचें दुकान आहे, वडिलांचीं गिऱ्हाइकें आहेत, सुरतेच्या आडत्यांशीं ओळख आहे, आणि एखादे वर्षीं तोटा आला तर तो पोटांत घालणारें घर आहे. त्याला पदवी नसली तरी चालेल. पण त्याच दुकानांत गांठी वाहणाऱ्या हमालाचा मुलगाही यंदा बारावी पास झाला. त्यानेंही किर्लोस्करांचें चरित्र वाचून कॉलेजचें नांव टाकावें काय?

या ठिकाणीं कर्मवीर भाऊराव पाटील यांचें स्मरण होतें. भाऊरावांची स्वतःची इंग्रजी शाळा मॅट्रिकपर्यंतही पुरी झाली नाहीं. ते किर्लोस्करांचे नांगर विकीत खेडोपाडीं हिंडले, आणि हिंडतांना त्यांस जें दिसलें त्यावरून त्यांनीं काढलेला निष्कर्ष आमच्या मित्रांच्या अगदीं उलट होता. "मी शिकलों नाहीं तरी माझें अडलें नाहीं, मग तुमचें कां अडावें" असें ते रयतेस म्हणाले नाहींत. १९१९ सालीं त्यांनीं रयत शिक्षण संस्था काढली, सर्व जातींचीं मुलें एका वसतिगृहांत एका पंक्तीस बसविलीं, कमवा आणि शिका हा परिपाठ घातला, आणि १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज उघडलें. नांगर विकणाऱ्यास हें पक्कें ठाऊक होतें कीं, ज्याच्यापाशीं जमीन नाहीं, दुकान नाहीं आणि वशिलाही नाहीं, त्याला दार ठोठावण्यास कागदाचा तो तुकडाच उपयोगी पडतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून बी. ए. झाले आणि पुढें कोलंबिया व लंडन येथील पदव्या घेऊन आले. १९१७ सालीं बडोद्यास नोकरीवर गेले असतां इतक्या विद्येच्या मनुष्यास राहावयास जागा मिळेना. पदवीनें अस्पृश्यता जात नाहीं, हा धडा समाजानें त्यांस दिला. तरीही पुढल्याच वर्षीं ते सिडनॅहम कॉलेजांत अध्यापक झाले, आणि पुढें बॅरिस्टर होऊन न्यायासनासमोर उभे राहिले, ते या पदव्यांच्याच बळावर. अशांना "पदवींत काय आहे" हें सांगणें म्हणजे भरल्या पोटानें उपवासाचें माहात्म्य सांगण्यासारखें आहे.

मुलींचा प्रश्न तर कोणी काढीतच नाहीं. गादीवर मुलगा बसेल कीं नाहीं याची चर्चा रात्र-रात्र चालते. मुलीला गादीवर बसविण्याची गोष्ट कितीशा घरांत निघते? जिला पेढी द्यावयाची नाहीं तिला पदवी तरी द्या, एवढेंच आमचें म्हणणें. (ती पदवी लग्नाच्या बाजारांत मिरविण्यासाठीं नसावी, हें वेगळें सांगण्याची पाळी अद्याप यावी याचें आम्हांस वाईट वाटतें.)

धंद्यांतही भेद आहे. डॉक्टरी व वकिली यांस कायद्यानेंच पदवी लागते. राज्यसेवेच्या परीक्षेसही लागते. तेथें वाद व्यर्थ. उलट, ज्या हिशेबनिसाच्या सहीवांचून आमच्या व्यापाऱ्यांचा ताळेबंद पुरा होत नाहीं, तो सनदी लेखापाल बारावीनंतर थेट संस्थेच्या परीक्षांस बसूं शकतो. कडक परीक्षा आणि अनुभवी लेखापालाच्या हाताखालीं कित्येक महिन्यांची उमेदवारी, हा त्याचा मार्ग. आमच्या मतें शिक्षणाचा हा नमुना पुष्कळ धंद्यांस लागू पडेल. पुस्तकाविना उमेदवारी आंधळी राहते, आणि उमेदवारीविना पुस्तक घेतलेला बी. कॉम. जी. एस. टी.चें विवरणपत्र भरावयास सांगितलें कीं बावरतो, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

तेव्हां पदवीची निंदा करणाऱ्या व्यापारी बंधूंस आमची एक विनंती आहे. आपणांस पदवीपेक्षां काम येणें महत्त्वाचें वाटतें ना? मग नोकरीच्या जाहिरातींत साध्या माल-नोंदीच्या जागेस "पदवीधर पाहिजे" असें कां छापतां? ती अट प्रथम काढा. १९६१ सालचा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, त्याचा उपयोग करा. प्रत्येक मोठ्या पेढीनें दरसाल निदान दोन उमेदवार घ्यावे, आणि ते सग्यासोयऱ्यांतले नसावे. त्यांस विद्यावेतन रोख द्यावें, चहा आणण्यास न धाडतां खरेदी, उधारी व वसुली शिकवावी, सायंकाळच्या वर्गास वेळेवर सोडावें, आणि वर्षअखेर काय काय शिकविलें त्याचा लेखी दाखला पेढीच्या शिक्क्यानिशीं द्यावा. व्यापारी संघानें असे दाखले आपसांत मान्य करावे.

हें सर्व आम्हीं त्या कापड-व्यापारी मित्रांस सांगितलें. त्यांनीं थोडा वेळ सुपारी चघळली, आणि हमालाच्या मुलास किती टक्के मिळाले याची चौकशी केली. एकाहत्तर, असें समजलें. कॉलेजच्या प्रवेशाची मुदत अजून उलटलेली नाहीं, व सकाळचे वर्ग साडेदहास सुटतात. दुकान अकरास उघडतें.