इंचभर नळीतला खर्ज

तबल्याची साथ असलेलं एखादं गाणं लावा, इअरफोन कानात घाला आणि डग्ग्याकडे लक्ष द्या. आता इअरफोन केसभर बाहेर ओढा. घुमक गेली, उरली नुसती टकटक. पुन्हा आत दाबा, घुमक परत! यंत्र तेच, गाणं तेच. मध्ये आली ती हवेची एक फट.

50 हर्ट्‌झच्या खर्जाची एक लहर हवेत जवळजवळ 7 मीटर लांब असते. अशा आवाजाने खोली भरायची तर मोठा वूफर लागतो, कारण त्याने ढकललेली हवा चहूकडे पांगते. इअरफोनमधला पडदा असतो जेमतेम 10 मिलिमीटरचा. पण त्याला खोली भरायचीच नसते. सिलिकॉनची टोपी घट्ट बसली की त्याच्या आणि कानाच्या पडद्यामध्ये उरते ती एक-दोन घन सेंटिमीटर कोंडलेली हवा. तोंड बोटाने दाबून धरलेल्या पिचकारीचा दट्ट्या किंचित रेटला तरी बोटाला दाब जाणवतो, तसंच हे. फट राहिली की दाब निसटतो, आणि सगळ्यात आधी खर्ज जातो.

याहून नवलाची गोष्ट आपल्याच कानात आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, आतल्या टोकाला पडद्याने बंद. अशी नळी 3,000 हर्ट्‌झच्या आसपासचे आवाज आपोआप चढवते. जन्मापासून आपण हे असंच ऐकतो, त्यामुळे तेच सरळ वाटतं. इअरफोनने नळीचं तोंड बुजवलं की हा चढ मोडतो. मग बनवणाऱ्याला तो इअरफोनमध्येच घडवून द्यावा लागतो! कानाच्या पडद्यापाशी सगळे सूर काटेकोर समान पोचवणारा इअरफोन म्हणूनच कोंदट वाटतो. चढ किती हवा, हे हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना ऐकवून ऐकवून ठरवलं. आज कितीतरी उत्पादक त्यातून निघालेल्या आलेखाच्या जवळपास राहतात. चढ जास्त झाला तर तार सप्तकातला आवाज टोचतो. त्याच्याही वर उंचवटा राहिला तर ‘स’ आणि ‘श’ सिसकारू लागतात.

आता यातलं काहीही सोन्याचं नाही. नेमकं मोजमाप आणि जाणता कान एवढंच लागतं. येरून ब्रेबार्ट यांनी 2017 मध्ये 283 हेडफोनची मोजणी मांडली, त्यात किंमत आणि सुरांचा समतोल यांचं काही नातं सापडलं नाही. 2022 मध्ये आलेले मूनड्रॉपचा ‘चू’ आणि सेव्हन हर्ट्‌झचा ‘झीरो’ हे वायरवाले इअरफोन तेव्हा साधारण 20 डॉलरचे होते; त्यांचं कौतुक झालं ते या समतोलासाठीच. बिनवायरच्या इअरबडमध्ये तेवढ्याच पैशांत बॅटरी, ब्लूटूथ आणि डबीही बसवायची असते. निव्वळ आवाज हवा असेल तर मी वायरच घेईन. फोनला जॅक नसला तर टाइप-सीचं छोटं डोंगल लागतं. खोक्यावरच्या ‘एक्स्ट्रा बेस’ला मात्र भुलू नका.

खोक्यात किती मापांच्या टोप्या आहेत, ते आधी बघा. घालताना दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, नळी सरळ होते. डाव्या कानाला मधली टोपी बसते आणि उजव्याला ढिली होते, असंही सर्रास घडतं. मग दोन कानांत दोन मापं घाला.