विंचवाचे विष आणि डॉक्टरांची शाळा

डॉक्टर झाला म्हणजे त्याचे शिकणे संपले, असे आपल्याला वाटते. पण तसे नाही. सुतार लाकूड तासता तासता शिकतो. डॉक्टर रोगी तपासता तपासता शिकतो. त्यातही लहान मुलाचे दुखणे ओळखणे फार अवघड. मोठा माणूस सांगेल, "इथं दुखतंय." लहान मूल काय सांगणार? ते नुसते रडते. आणि विष भिनत असेल, तर विचाराला वेळही थोडाच मिळतो.

मग डॉक्टर हे शिकतात कसे?

मोठ्या दवाखान्यांत डॉक्टरांच्या बैठका भरतात. समजा, अशा बैठकीत एक तरुण डॉक्टर उभा राहिला. रोग्याचे नाव तो सांगत नाही, हकीकत तेवढी सांगतो. "चार वर्षांची मुलगी. रात्री झोपेतून किंचाळून उठली. मग उलट्या झाल्या. अंग घामानं भिजलं, पण हातपाय गार. काय झालं असेल?"

कोणी म्हणतो, "हगवण लागली असेल." वडीलधारे डॉक्टर विचारतात, "मुलगी निजली कुठं होती? जमिनीवर? अंथरूण झाडून पाहिलं का?"

अंथरूण झाडले, तर आत तांबडा विंचू!

असा एकाचा अनुभव सगळ्यांच्या कामी येतो. चूक झाली असेल तर तीही तिथे उघड सांगतात. झाकलेली चूक पुन्हा घडते, उघड केलेली चूक दुसऱ्याला सावध करते.

आता एक खरी गोष्ट ऐका. कोकणात तांबडा विंचू फार. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. विंचू चावलेली माणसे, लहान मुले तिथे येत. त्यांतली काही डोळ्यांदेखत दगावत. पुस्तकात यावर धड उपाय सापडत नव्हता. तेव्हा डॉक्टरांनी रोग्याजवळ बसून पाहायला सुरुवात केली. घाम किती, उलटी केव्हा, नाडी कशी, दम केव्हा लागला, सगळे ते लिहून ठेवीत.

त्यातून विषाची चाल कळली. या विषाने रक्तवाहिन्या आवळतात. रक्तदाब चढतो. हृदयावर भार पडतो आणि ते थकते. मग फुप्फुसात पाणी भरते आणि श्वास कोंडतो. मुलाचे अंग लहान, विष मात्र तेवढेच. म्हणून मुलाला धोका जास्त.

रक्तवाहिन्या आवळल्या आहेत, तर त्या सैल केल्या पाहिजेत. प्रॅझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी हेच काम करते. ती वेळेवर दिल्यावर माणसे वाचू लागली. डॉ. बावस्करांनी हे अनुभव लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात १९८२ आणि १९८६ साली छापले. जो बैठकीला येऊ शकत नाही, त्याच्यासाठी छापील पान हीच बैठक! पुढे त्यांनी व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी प्रॅझोसिनबरोबर विंचवाच्या विषावरचे प्रतिविषही देऊन पाहिले. दोन्ही दिल्यावर रोगी लवकर बरे होतात, असे त्यांनी २०११ साली दाखवून दिले.

आता आपले काम काय? विंचू चावला की कोणी म्हणते, "मांत्रिकाकडं न्या, विंचू उतरवून देईल." पुष्कळ विंचू साधे असतात. चार तास ठणकून आपोआप उतरतात, आणि नाव मांत्रिकाचे होते. पण तांबड्या विंचवाचे विष मंत्राने उतरत नाही. त्यात वेळ मात्र जातो.

म्हणून मुलाला लगेच दवाखान्यात न्या. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट बांधू नका. उलटी, घाम, गार हातपाय, खोकला किंवा धाप दिसली, तर एक क्षणही थांबू नका. गोळी आपल्या मनाने देऊ नका.

आणि घड्याळ पाहून ठेवा. विंचू केव्हा चावला, पहिली उलटी केव्हा झाली, हे डॉक्टरांना नीट सांगा. मुलाला बोलता येत नाही. त्याच्या वतीने तुम्हीच बोलायचे आहे.