डिस्प्ले ब्रिज चिपचे कॉन्फिगरेशन आणि लिनक्स ड्रायव्हर : एक विवेचन

१. प्रस्तावना

संगणकाचा पडदा उजळणे ही वापरकर्त्याच्या दृष्टीने अत्यंत साधी घटना असते. परंतु प्रोसेसरमध्ये तयार झालेल्या चित्राला पडद्यापर्यंत पोहोचण्यासाठी अनेकदा एका मध्यस्थ चिपमधून जावे लागते. मोबाइलसाठी घडविलेले प्रोसेसर प्रामुख्याने डीएसआय या पद्धतीने चित्र पाठवितात, तर लॅपटॉपचे बहुतेक पडदे ईडीपी, म्हणजेच एम्बेडेड डिस्प्लेपोर्ट, या पद्धतीने ते स्वीकारतात. या दोहोंमध्ये दुभाष्याचे कार्य करणाऱ्या चिपला डिस्प्ले ब्रिज असे म्हणतात. प्रस्तुत लेखात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एसएन६५डीएसआय८६ ही चिप आणि २०१८ मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झालेला तिचा ड्रायव्हर यांच्या आधारे या कॉन्फिगरेशनचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. कोणती माहिती कोठे नोंदवावी, हाच या विषयाचा गाभा आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

२. माहितीची विभागणी

ब्रिज चिप कार्यान्वित करण्यासाठी तीन प्रकारची माहिती लागते. पहिली चिपविषयीची : कोणत्या रजिस्टरचा अर्थ काय, हे ड्रायव्हरमध्ये लिहिलेले असते. दुसरी सर्किट बोर्डविषयीची : चिपला १.८ व्होल्टचे दोन व १.२ व्होल्टचे दोन वीजपुरवठे कोठून मिळतात, संदर्भ-क्लॉक कोणता आहे, ईडीपीच्या किती मार्गिका प्रत्यक्ष जोडल्या आहेत, इत्यादी तपशील डिव्हाइस ट्री या स्वतंत्र वर्णनपत्रात नोंदविले जातात. तिसरी पडद्याविषयीची : रुंदी, उंची, पिक्सेल-क्लॉक हे तपशील पडदा स्वतःच ऑक्स या पूरक वाहिनीवरून सांगू शकतो.

या विभागणीमुळे एकच ड्रायव्हर भिन्न यंत्रांवर चालतो. क्वालकॉम प्रोसेसरवर आधारित काही क्रोमबुक आणि मूळ विंडोजसह विकला गेलेला लेनोवो योगा सी६३० या दोहोंत हीच चिप आहे. लिनक्समध्ये दोन्हींसाठी ड्रायव्हर एकच असून बोर्डांची वर्णने तेवढी वेगळी आहेत.

३. गणिती बाजू

१९२० × १०८० पिक्सेल आणि सेकंदाला ६० चित्रे यांसाठी १४८.५ मेगाहर्ट्झचा पिक्सेल-क्लॉक प्रचलित आहे. प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरल्यास सेकंदाला ३,५६४ मेगाबिट होतात. डीएसआयच्या चार मार्गिकांत ते विभागले असता प्रत्येकीच्या वाट्याला ८९१ मेगाबिट येतात. चिपची मर्यादा १,५०० आहे. क्लॉकच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती वाहत असल्याने डीएसआय-क्लॉक ४४५.५ मेगाहर्ट्झ ठरतो. संबंधित रजिस्टर ५ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांत मोजते. म्हणून त्यात ८९ हा आकडा येतो.

ईडीपीच्या बाजूस प्रत्येक ८ बिटांसाठी १० बिट पाठवावे लागतात. त्यामुळे १.६२ गिगाबिटच्या दोन मार्गिकांतून उपयुक्त असे केवळ २.५९२ गिगाबिट वाहतात. ते अपुरे ठरतात. २.७ गिगाबिटच्या दोन मार्गिका मात्र ४.३२ गिगाबिट वाहून नेतात. पडद्याला चालणाऱ्या वेगांपैकी पुरेसा ठरणारा सर्वांत कमी वेग ड्रायव्हर प्रथम निवडतो आणि जोडणी न जमल्यास वरच्या वेगाकडे वळतो.

४. क्रमाचा प्रश्न

आकडे अचूक असूनही क्रम चुकल्यास पडदा काळाच राहतो. चिपला १२, १९.२, २६, २७ किंवा ३८.४ मेगाहर्ट्झचा संदर्भ-क्लॉक देता येतो. तो न दिल्यास चिप डीएसआय-क्लॉकवर अवलंबून राहते. अशा वेळी एक तार्किक पेच उद्भवतो : पडद्याची माहिती वाचण्यासाठी क्लॉक हवा आणि तो क्लॉक ठरविण्यासाठी पडद्याची माहिती हवी! म्हणून अशा बोर्डावर पडद्याचा प्रकार आधीच नोंदवून ठेवणे अपरिहार्य ठरते.

लिनक्सच्या रूढ क्रमानुसार पूर्वतयारी पडद्याच्या टोकाकडून प्रोसेसरकडे सरकते. परंतु याच कुळातील एसएन६५डीएसआय८३ या चिपला, ती सुरू होण्यापूर्वी, डीएसआयच्या तारा विशिष्ट विश्रांत अवस्थेत असाव्या लागतात. म्हणजे तेथे प्रोसेसरची बाजू आधी सज्ज हवी. आपल्या आधीच्या घटकाची तयारी प्रथम व्हावी, अशी मागणी नोंदविण्याची सोय ब्रिज ड्रायव्हरांना २०२३ मध्ये उपलब्ध झाली.

चिपमधील प्रत्येक सोय वापरावीच असेही नाही. पडदा सज्ज झाल्याचा संकेत ही चिप १०० ते ४०० मिलिसेकंद पारखून मगच पुढे देते. अनेक पडदे मात्र २०० मिलिसेकंदांत सज्ज होतात. म्हणून अंतर्गत ईडीपी पडद्यासाठी ड्रायव्हर ही सोय बंद ठेवतो आणि पडद्याच्या नोंदीतील ठरावीक काळ थांबतो.

५. दोषशोधन

वरील सर्व चुकांचे बाह्य लक्षण एकच, ते म्हणजे काळा पडदा. त्यामुळे टप्प्याटप्प्याने तपास करणे इष्ट ठरते : आयटूसी वाहिनीवर चिप उत्तर देते काय, तिचा अंतर्गत क्लॉक स्थिरावतो काय, पडद्याशी जोडणी जमते काय. चिपमध्ये रंगपट्ट्या निर्माण करण्याची सोय आहे. त्या दिसल्या, पण चित्र दिसले नाही, तर दोष डीएसआयच्या बाजूस असण्याची शक्यता अधिक असते.

६. समारोप

बोर्डाचे तपशील ड्रायव्हरमध्येच मिसळून ठेवले, तर उत्पादकाने लक्ष काढून घेताच सुस्थितीतील यंत्रही नव्या ऑपरेटिंग सिस्टीमला परके होते. तेच तपशील स्वतंत्र आणि खुल्या वर्णनात असतील, तर ते यंत्र इतरांना पुढे चालविता येते. यंत्राचे आयुष्य केवळ त्याच्या भागांच्या टिकाऊपणावर नव्हे, तर त्याविषयीचे ज्ञान कोठे व कसे नोंदविले आहे यावरही अवलंबून असते. संगणकशास्त्राच्या अध्यापनात ड्रायव्हरकडे केवळ आज्ञावली म्हणून न पाहता ज्ञानाच्या विभागणीचे उदाहरण म्हणून पाहिल्यास विद्यार्थ्यांना हा विषय अधिक सुबोध होईल.