शाहूपुरी: सुट्या भागांची पेठ

डिसेंबर-जानेवारीत साखर कारखाने भरात असतात. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चाकाचं बेअरिंग जाऊन राधानगरी रस्त्याच्या कडेला उभा राहिला की नुकसान तिथूनच सुरू होतं. तोडलेला ऊस उन्हात वाळतो, वजन घटतं, उतारा घसरतो. कारखान्याच्या आवारातला नंबर जातो आणि तोडणीची टोळी पुढच्या फडात वाट बघत बसते. बेअरिंगची किंमत या सगळ्यापुढे किरकोळ. ते किती रुपयांना मिळालं यापेक्षा किती वेळात मिळालं, यावर सगळा हिशेब फिरतो. म्हणून मिस्त्री चाक पुरतं खोलायच्या आधीच फोन लावतो, आणि या पट्ट्यात तो फोन बऱ्याचदा कोल्हापूरच्या शाहूपुरीत वाजतो.

कारखान्यात भाग कसा तयार होतो, यावर पुष्कळ लिहिलं जातं. तो भाग गरजेच्या माणसापर्यंत पोहोचवणारी जी यंत्रणा आहे, रॅक, खोकी, हमाल, पार्सल आणि काउंटरवरच्या माणसाची स्मरणशक्ती, तिच्याकडे फारसं कोणी पाहत नाही. शाहूपुरीतल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानांना मी ही यंत्रणाच मानतो. गल्लोगल्लीची दुकानं मिळून इथे एक मोठं गोदाम झालं आहे. मालक अनेक, पण गोदाम एकच.

हे गोदाम इथेच का झालं, याचं उत्तर रेल्वेत आहे. मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९५ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांनी स्टेशनला लागून नवी व्यापारी पेठ वसवली. ती प्रामुख्याने गुळासाठी होती. गावाकडून गाड्या भरून गूळ यावा, अडत्याकडे सौदा व्हावा आणि ढेपा थेट रेल्वेत चढाव्यात, असा तो सरळ हिशेब. पुढे गुळाचे सौदे मार्केट यार्डात गेले. पण पेठेची आखणी राहिली, गल्ल्यांचे क्रमांक राहिले, मोठी दारं, उंच छतं आणि मागची कोठारं राहिली. शेजारीच मध्यवर्ती बसस्थानक आलं. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला एसटी आणि मध्ये ट्रान्सपोर्टवाल्यांची ऑफिसं. यंत्रसामग्री, मोटारपंप, पाइप, हार्डवेअर, बेअरिंग आणि गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्याला याहून सोयीची जागा कोल्हापुरात दुसरी नव्हती.

शेजार म्हणून उद्यमनगरही लाभलं. कोल्हापूरच्या कारागिरांनी तिथे लेथ लावले, भट्ट्या पेटवल्या, ऑइल इंजिनं घडवली. मग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. मेनन पिस्टन्सचा कारखाना शिरोलीत, मेनन बेअरिंग्जचा गोकुळ शिरगावात. इथल्या फाउंड्र्यांमधलं बीड देशभरातल्या इंजिनांत आणि ट्रॅक्टरांत जाऊन बसलं आहे. त्यामुळे शाहूपुरीच्या गिऱ्हाइकाला लोखंडाची जाण आधीपासूनच आहे. पिस्टन हातात घेऊन तो नुसती खोक्यावरची छपाई बघत नाही, अंगठ्याने कड चाचपून बघतो.

आता दुकानात शिरू. दर्शनी भाग जेमतेम दहा-बारा फुटांचा, आत मात्र खोलवर गेलेला. काउंटरच्या पाठीमागे छतापर्यंत लोखंडी अँगलचे रॅक, वर पोटमाळा आणि त्याला उभी शिडी. पाहणाऱ्याला हा नुसता पसारा वाटतो, पण त्यामागे पक्का विचार आहे. दिवसभर खपणारा माल, म्हणजे ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, ब्रेक शू, क्लच केबल, बल्ब आणि नेहमीची बेअरिंगं, काउंटरवरच्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात असतो. आठवड्यातून एकदा लागणारा माल मागच्या रॅकवर. महिन्या-दोन महिन्यांनी कोणी विचारेल असा हलका माल पोटमाळ्यावर. कमानपाटे, ब्रेक ड्रम, प्रेशर प्लेट यांसारखी जड वस्तू खालीच राहते, कारण ती शिडीवरून उतरवताना पाय सटकला तर माणूस जातो. जागा अपुरी पडली की अवजड आणि कमी खपाचा माल दुसऱ्या गोदामात हलतो. मोठ्या कंपन्या याच विभागणीला भारी नावं देऊन संगणकावर तक्ते काढतात. इथे तीच विभागणी पायांना होणाऱ्या त्रासातून झालेली आहे.

प्रत्येक वस्तू ठेवण्याची तऱ्हाही वेगळी. फॅनबेल्ट बारीक खिळ्याला टांगला तर त्याच जागी त्याला मोड पडतो, म्हणून त्याला जाड, गोल खुंटी लागते. ऑइल सील तारेत ओवून टांगायचंच नाही. त्याची रबरी ओठासारखी कड एकदा वाकली की नवं सील पहिल्याच दिवशी तेल गाळतं. गॅस्केट सपाट ठेवायचं, दुमडायचं नाही. बेअरिंगचा कागद गिऱ्हाइकासमोरच फोडायचा, कारण घामेजल्या बोटाचा ठसासुद्धा पोलादावर गंज धरतो. ब्रेक लायनिंगजवळ तेलाचा डबा नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे झाकण उघडलेली बाटली परत रॅकवर जात नाही. बॅटरी नुसती ठेवली तरी उतरत जाते, म्हणून आधी आलेली आधी विकायची. नवखा पोऱ्या दुकानात लागला की काही महिने विक्री करत नाही. तो रॅक लावतो, आणि रॅक लावता लावता हे सगळं शिकतो.

खरी विद्या क्रमांकांची आहे. ६२०३ हे बेअरिंग घ्या. यातल्या शेवटच्या दोन अंकांत भोकाचं माप दडलेलं असतं. ०४ पासून पुढे त्या अंकांना पाचाने गुणायचं. ६२०४ म्हणजे २० मिलिमीटर, ६२०५ म्हणजे २५. त्याच्या खाली हा नियम चालत नाही. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७, हे पाठच करावं लागतं. म्हणून ६२०३ चं माप १७ बाय ४० बाय १२, कंपनी कोणतीही असो, देश कोणताही असो. पुढे झेड-झेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू-आरएस असेल तर रबराचं. सी-थ्री असेल तर आतल्या गोळ्यांना जरा जास्त मोकळीक, म्हणजे तापणाऱ्या जागी चालणारं. व्ही-बेल्टच्या ए-४२ मधलं अक्षर पट्ट्याच्या रुंदी-जाडीचं आणि आकडा इंचांतल्या लांबीचा. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी ओळीने छापलेली असते. मिस्त्री जळकं, चिखलाने माखलेलं सॅम्पल काउंटरवर टाकतो, काउंटरवाला ते फडक्याने पुसतो, उजेडाकडे तिरपं धरतो, अर्धाच आकडा दिसला तरी शिडीकडे वळतो. हे पाहण्यासारखं असतं.

पण सगळेच भाग असे जगाशी एकच भाषा बोलत नाहीत. फिल्टर, सेन्सर आणि क्लच प्लेट यांना प्रत्येक कंपनी आपापला नंबर देते. जुना नंबर रद्द होऊन नवा येतो, आणि एकाच मॉडेलमध्ये अमुक महिन्याच्या आधीची आणि नंतरची गाडी वेगळी निघते. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-सिक्स निकष आले आणि रॅकवरचा भार वाढला. मोटरसायकलींत कार्बुरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, ट्रकच्या धुराड्यासाठी युरियाचं द्रावण आणि त्याचे सेन्सर आले. नवं ठेवायचं म्हणून जुनं काढून टाकता येत नाही. खेड्यात गाडी पंधरा-वीस वर्षं सहज चालते. दूधवाल्याच्या जुन्या गाडीची केबल मागायला कोणीतरी येतंच. रॅकवर पडून राहिलेलं खोकं म्हणजे अडकलेला पैसा, आणि तेच खोकं नसणं म्हणजे परत गेलेलं गिऱ्हाईक. या दोहोंच्या मधली रेघ ओढण्यातच दुकानदाराचं कसब आहे.

इथेच पेठेचं बळ दिसतं. ‘शेठ, हे हाय का तुमच्याकडं?’ असं मिस्त्रीने विचारलं आणि माल नसला, तर चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. ‘बसा मिस्त्री, च्या घ्या, पाच मिनिटांत आणून देतो,’ म्हणतो. पोऱ्या शेजारच्या गल्लीत पळतो आणि दुसऱ्या दुकानातून खोकं घेऊन येतो. हिशेब चिठ्ठीवर किंवा आता फोनवर होतो. एक ट्रॅक्टरवाला, दुसरा मारुतीवाला, तिसरा फक्त बेअरिंग आणि बेल्टवाला, असं स्पेशलायझेशन आपसूक वाटून गेलेलं असतं. स्पर्धा आहे, भावावरून रुसवेफुगवे आहेत, पण कोणाकडे काय आहे हे एकमेकांना ठाऊक असतं. एका दुकानाला कधीच परवडणार नाही एवढा साठा पेठ मिळून सांभाळते.

अमेरिकेत हेच काम साखळी दुकानांनी पैसा ओतून उभारलं. ऑटोझोनचं पहिलं दुकान १९७९ मध्ये अर्कन्सॉ राज्यात ऑटो शॅक या नावाने निघालं. आज त्यांची लहान दुकानं ‘हब’ दुकानांना जोडलेली असतात आणि सर्वांत मोठ्या ‘मेगा हब’मध्ये लाखाच्या आसपास प्रकारचे भाग असतात. लहान दुकानात नसलेला भाग त्याच दिवशी हबमधून गाडीने येतो. ओरायली या दुसऱ्या साखळीची प्रादेशिक गोदामं आपल्या दुकानांना आठवड्याच्या पाच रात्री माल पोहोचवतात. तिथे एकच मालक, एकच संगणक आणि एकच यादी. शाहूपुरीत ही जोडणी माणसांच्या ओळखीवर आणि शब्दावर चालते. मला ती मागासलेली वाटत नाही. तिच्यात एक उणीव मात्र आहे, तिच्याकडे पुढे येतो.

माल बाहेर कसा पडतो ते पाहू. सकाळचा वेळ काउंटरचा, शहरातल्या गॅरेजवाल्यांचा. दुपारनंतर पेठेचा चेहरा बाहेरगावाकडे वळतो. फोनवर आणि व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑर्डरींची खोकी बांधली जातात. सुतळी, टेप, वर जाड मार्करने गाव, गॅरेजचं नाव आणि मोबाइल नंबर. गडहिंग्लज-आजरा-चंदगड एक लाईन, निपाणी-बेळगाव दुसरी, गगनबावड्यावरून घाट उतरून वैभववाडी-कणकवली तिसरी, आंबा घाटाने रत्नागिरी चौथी. हलकं पार्सल बसने जातं, जड माल ट्रान्सपोर्टने बिल्टीवर, जवळचा माल छोटा हत्ती किंवा तीनचाकीतून. घाटाखालच्या मिस्त्रीला गाडी कधी येते हे तोंडपाठ असतं. तो स्टँडवर येऊन उभा राहतो आणि खोकं घेऊन थेट गाडीखाली जातो. पुण्याहून कंपनीच्या डेपोचा माल रात्रीत निघून सकाळी इथे उतरतो, तेव्हा रस्त्यात हातगाड्या आणि टेम्पोंची एकच गर्दी होते. हमाल खोकं खांद्यावर घेतानाच वजनावरून सांगतो, आत पेपर आहे की लोखंड.

कागदाचं कामही आहेच. राज्याबाहेर ५० हजारांच्या वर आणि महाराष्ट्रात १ लाखाच्या वर माल निघाला की ई-वे बिल लागतं. निपाणी चाळीस किलोमीटरवर असली तरी कर्नाटकात आहे, त्यामुळे या पेठेला दोन्ही हिशेब रोज सांभाळावे लागतात. एकाच रॅकवरच्या भागांना १८ आणि २८ असे दोन जीएसटी दर होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांचे भागही १८ टक्क्यांत आले. बिल करणाऱ्याच्या डोक्याचा मोठा ताप गेला.

आता उणीव. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३ फुटांची. व्हीनस कॉर्नर आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीपर्यंत पाणी आलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. पाणी शिरलं तिथे जड म्हणून खाली ठेवलेला मालच आधी भिजतो. बेअरिंग गंजतं, लायनिंग आणि फिल्टर कामातून जातात. त्याहून वाईट म्हणजे पुठ्ठा विरघळतो आणि लेबल सुटतं. धुऊन-पुसून वापरता येईल असा भागसुद्धा कोणत्या गाडीचा, हे मग सांगता येत नाही, आणि ओळख नसलेला भाग भंगाराच्या भावाने जातो. अशा वेळी कळतं की साठ्याची यादी फक्त काउंटरवरच्या जुन्या माणसाच्या डोक्यात असणं केवढं धोक्याचं आहे. पूर न येताही हा धोका आहेच. चाळीस वर्षं काउंटरवर उभा राहिलेला माणूस निवृत्त होतो, तेव्हा त्याच्याबरोबर अर्धं गोदाम निघून जातं.

ही विद्या यादीत उतरवता येते. रॅकला अक्षर, फळीला आकडा, खणाला आकडा आणि संगणकात प्रत्येक भागासमोर तो पत्ता. जुना नंबर, नवा नंबर आणि कोणत्या गाड्यांना चालतो, हेही त्याच ओळीत. रॅकची खालची फळी जमिनीपासून उंच घेतली आणि पावसाळ्यापुरता महागडा माल वर चढवला तरी पुष्कळ वाचतं. पेठेतल्या नव्या पिढीने हे काम जुनी माणसं काउंटरवर आहेत तोवर करून घ्यावं, त्यांना शेजारी बसवून, एकेक खण उघडून. शेजारच्या दुकानातून भाग आणून देण्याची रीत मात्र कोणत्याही सॉफ्टवेअरच्या नादात सोडू नये.

आणि गिऱ्हाइकांसाठी थोडंसं. शाहूपुरीत भाग आणायला जाल तेव्हा जुना भाग सोबत न्या, धुऊन गुळगुळीत करू नका, आकडा पुसला जातो. गाडीच्या चॅसी नंबरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. स्वस्तातला लोकल आणि कंपनीचा, दोन्ही समोर ठेवून फरक विचारा, सांगणारे सांगतात. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या भागांत मात्र पैसे वाचवू नका, आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, कारण वॉरंटी त्याच कागदावर मिळते.